बैलाचा खांदा आणि ख्रिस्ती माणसाची सौम्यता



पावसाने जोर धरला की आपल्या बैहर भागात चिखलणी आणि रोवणीची एकच घाई उडते. बांधीत पाणी आहे तोवर काम उरकायचे असते आणि मजूर मिळतील त्याच दिवशी रोवणी साधायची असते. आता ट्रॅक्टर आले आहेत, तरी डोंगराकडच्या लहान बांध्यांतून बैल आणि हल्ये अजूनही नांगर ओढतात. अशा घाईत आपल्याला राग येतो तो पावसाचा, मजुरांचा किंवा कर्जाचा. पण तो निघतो जनावराच्या पाठीवर. म्हणून सौम्यता या सद्गुणाचा विचार आम्ही या वेळी गोठ्यापासून सुरू करीत आहोत.

शास्त्राची शिकवण

संत पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पवित्र आत्म्याची फळे सांगतात. त्यांत ममताही आहे आणि सौम्यताही आहे. सौम्यता म्हणजे दुबळेपणा असे पुष्कळांना वाटते. पण ज्याच्या हाती काठी आहे त्याचीच सौम्यता कसाला लागते. बळ असून हात आवरणे, याला सौम्यता म्हणतात.

जुन्या करारातील काही नियम तर शेतकऱ्यासाठीच दिलेले आहेत. मळणीच्या बैलाला मुसके घालू नये (अनुवाद २५:४). बैल आणि गाढव एका नांगराला जुंपू नयेत (अनुवाद २२:१०). ज्याच्याशी आपले वैर आहे त्याचेही गाढव ओझ्याखाली बसले असेल, तर त्याला उठवायला मदत करावी (निर्गम २३:५). भांडण मालकाशी असते. जनावराने आपले काय बिघडवले? नीतिसूत्रांत (१२:१०) तर जनावराच्या गरजेची जाण ठेवणे ही नीतिमान माणसाची खूण सांगितली आहे.

शब्बाथाच्या दिवशी कुबड्या बाईला बरे केले म्हणून प्रभू येशूवर टीका झाली. तेव्हा त्याने बैलाचेच उदाहरण दिले. शब्बाथ असला तरी माणूस आपला बैल सोडून पाण्यावर नेतोच, याची त्याने आठवण करून दिली (लूक १३:१५). तहानलेल्या जनावराला पाणी दाखवणे ही चांगल्या माणसाची साधी रीत आहे, हे त्याने गृहीतच धरले होते.

मत्तयाच्या अकराव्या अध्यायात प्रभू स्वतःला सौम्य म्हणवतो, आणि त्याच ठिकाणी तो जुवाविषयी बोलतो. दुसऱ्या शतकातील रक्तसाक्षी संत जस्टिन लिहितात की येशू सुतारकामात नांगर आणि जू घडवीत असे. मूळ ग्रीक भाषेत प्रभूच्या जुवाला जो शब्द लावला आहे, त्याचा अर्थ ‘सोयीचे’ असा होतो आणि ‘मायाळू’ असाही होतो. चांगले जू कसे असते हे आपल्याला ठाऊक आहे. ते मानेवर नीट बसते, कुठे रुतत नाही, आणि बैल त्याखाली दिवसभर चालतो. प्रभू आपल्या मानेवर असे जू ठेवतो. मग आपण बैलाच्या मानेवर कसले जू ठेवावे?

ख्रिस्तसभा काय म्हणते?

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात (क्रमांक २४१५ ते २४१८) हा विषय स्पष्ट केला आहे. जनावरे ही देवाची निर्मिती आहे आणि माणसाने त्यांच्याशी दयेने वागले पाहिजे. अन्नासाठी, वस्त्रासाठी आणि कामासाठी त्यांचा उपयोग करण्यास हरकत नाही. मात्र त्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. गरीब माणसाच्या गरजा बाजूला सारून जनावरांवर पैसा उधळणे योग्य नव्हे, हेही तेथेच सांगितले आहे.

शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर हे माद्रिदजवळ दुसऱ्याच्या शेतात नांगर हाकणारे गडी होते. थंडीच्या दिवसांत दळणाला नेत असलेला गहू त्यांनी भुकेल्या पाखरांपुढे टाकला, अशी आख्यायिका आहे. १६२२ साली संत फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबरच त्यांना संतपद मिळाले. त्यांचा सण १५ मे रोजी, म्हणजे आपला हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर येतो.

खांदेसूज कशी टाळावी?

जू ओबडधोबड असले, जोडीतील बैल उंचीने कमीजास्त असले, पावसात जू व मान सतत ओली राहिली किंवा नव्या गोऱ्ह्याला एकदम जड काम दिले, तर खांदा सुजतो. वेळीच लक्ष दिले नाही तर जखम होते, तीत पू होतो आणि माशा बसून अळ्या पडतात. यासाठी पुढील काळजी घ्यावी :

१. हंगामापूर्वी जू तासून, घासून गुळगुळीत करावे. मानेवर येणाऱ्या भागाला मऊ कापडाची गादी बांधावी व ती कोरडी ठेवावी.

२. जोडी सारख्या उंचीची व सारख्या चालीची असावी. नवा गोऱ्हा थोड्या थोड्या कामाने तयार करावा.

३. काम सुटल्यावर खांदा धुऊन, पुसून हाताने चाचपावा. गरम लागला किंवा बैलाने मान चोरली, तर दुसऱ्या दिवशी जुंपू नये. ताज्या सुजेवर थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात.

४. सूज तापल्या लोखंडाने डागू नये व घरी फोडू नये. पशुवैद्याला दाखवावे. मध्य प्रदेशात १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरता पशुवैद्यकीय दवाखाना बोलावता येतो.

५. तुतारीला खिळ्याची आर लावू नये. १९६५ सालच्या केंद्रीय नियमांनी टोकदार काठी वापरण्यास मनाई केली आहे. गाडी ओढणाऱ्या जनावराकडून दिवसात ९ तासांहून अधिक व विश्रांतीशिवाय ५ तासांहून अधिक काम घेऊ नये आणि पारा ३७ अंशांवर गेला असता दुपारी १२ ते ३ त्याला जुंपू नये, असेही त्यांत आहे. नांगराच्या बैलालाही हेच माप लावावे.

गाईम्हशींचेही तसेच आहे. मारलेली, घाबरलेली गाय पान्हा चोरते. भीतीमुळे तिच्या शरीरात जो स्राव सुटतो, तो पान्हा अडवतो. शांत हाक, ओळखीचा हात आणि ठरलेली वेळ असली की ती पान्हा सोडते.

फायद्यापलीकडची दया

कोणी म्हणेल, “पोट हातावर आहे, दया परवडत नाही.” पण ऐन रोवणीत बैलाचा खांदा फुटला, तर आठ-पंधरा दिवस हातचे जातात. दया करणाऱ्याचे नुकसान होत नाही, हा आपल्या घरोघरचा अनुभव आहे. तरीही खरी कसोटी फायदा नसतो तिथे लागते. भाड्याने आणलेली जोडी आपली नसते, म्हणून तिला जास्त राबवले जाते. म्हातारा बैल कामाचा नसतो, म्हणून त्याला रस्त्यावर सोडले जाते. मग तो उपाशी फिरतो आणि दुसऱ्याच्या धानात शिरून मार खातो. ज्याने आपल्या लेकरांच्या ताटात भात वाढला, त्याला सावली, पाणी आणि मूठभर तणस देणे हे ऋण फेडणेच आहे.

रविवारचेही पाहावे. आपण मिस्सेला यावे आणि आपले बैल त्या दिवशी भाड्याने दुसऱ्याच्या बांधीत राबावेत, हे बरे नाही. विसाव्याचा दिवस देवाने बैलालाही दिला आहे (निर्गम २३:१२). पोळ्याला गावोगावी बैलांचे खांदे मळतात आणि त्यांना जुंपत नाहीत. ही चांगली रीत वर्षातून एकदाच का पाळावी?

शेवटची गोष्ट घरातली. संत थोमस अक्विनास यांनी लिहून ठेवले आहे की जनावरांवर दया करणारा माणूस माणसांवरही दया करण्यास तयार होतो. हात एकच असतो. बैलावर न आवरलेला हात बायकोवर आणि लेकरांवरही आवरत नाही. बाप गोठ्यात कसा वागतो हे मुलगा पाहत असतो आणि तेच तो शिकतो.

आज संध्याकाळी जनावरे बांधताना प्रत्येकाच्या खांद्यावरून एकदा हात फिरवावा. कुठे दुखते आहे ते हाताला कळेल. तुतारीची आर काढून टाकावी आणि मगच कुटुंबासह रात्रीच्या प्रार्थनेला बसावे.