फुटक्या बांगड्यांची बाग

(टाकून दिलेल्या वस्तूंपासून एक अद्भुत बाग उभी करणारे कलावंत नेकचंद सैनी यांची ओळख या पाठात करून दिली आहे. ते कोणत्याही कलाशाळेत शिकलेले नव्हते. त्यांचे काम कसे सुरू झाले, ते कोणत्या संकटात सापडले आणि कोणी वाचवले, ते वाचा.)

मुलांनो, कामतघरच्या एखाद्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर गेलात, तर पायाखाली नीट पाहा. पांढऱ्या लाद्यांचे लहान लहान तुकडे तिथे शेजारी शेजारी बसवलेले दिसतील. मधूनच एखादा निळा तुकडा असेल. एखाद्या तुकड्यावर अर्धेच फूल असेल. त्या फुलाचा दुसरा अर्धा भाग कुठे गेला, ते कोणालाच माहीत नसते. याला आपल्याकडे 'चायना मोझॅक' म्हणतात. गवंडी फुटक्या लाद्या गोळा करतो आणि ओल्या सिमेंटवर एकेक तुकडा दाबून बसवतो. पांढऱ्या तुकड्यांमुळे ऊन परत फिरते आणि खालची खोली कमी तापते. पावसाचे पाणीही लवकर झिरपत नाही. दुकानात ज्या तुकड्यांना कोणी विचारत नाही, तेच तुकडे वर्षानुवर्षे घर राखतात.

रंगीत तुकडे जोडून चित्र किंवा नक्षी तयार करण्याच्या कलेला मोझॅक म्हणतात. ही कला फार जुनी आहे. जेरुसलेम येथील कुब्बतुस्सखरा ही इमारत सातव्या शतकाच्या अखेरीस बांधली गेली. तिच्या आतल्या भिंतींवर काचेच्या बारीक तुकड्यांची सुंदर वेलबुट्टी आहे. लाहोरच्या वझीर खान मशिदीच्या भिंती सतराव्या शतकातल्या रंगीत लाद्यांच्या तुकड्यांनी सजल्या आहेत. या इमारतींसाठी कारागिरांनी तुकडे मुद्दाम कापून घेतले होते. नेकचंद यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांनी जे तुकडे वापरले, ते लोकांच्या हातून फुटलेले होते आणि उकिरड्यावर पडलेले होते.

नेकचंद यांचा जन्म १९२४ साली शकरगढ तालुक्यातील एका खेड्यात झाला. हा भाग आज पाकिस्तानात आहे. त्यांचे घराणे शेतकऱ्यांचे होते. आई लहानपणी त्यांना राजाराणीच्या गोष्टी सांगे. त्या ऐकून मुलगा मातीची माणसे आणि मातीचे महाल करी. १९४७ साली देशाची फाळणी झाली. लाखो माणसांना आपले घर सोडून सरहद्द ओलांडावी लागली. कोणी इकडून तिकडे गेले, कोणी तिकडून इकडे आले. नेकचंद यांचे कुटुंबही गाव सोडून भारतात आले. मागे राहिलेले घर, शेत आणि गावाची वाट त्यांना पुन्हा आपली म्हणता आली नाही.

त्या वेळी पंजाबसाठी चंदीगड ही नवी राजधानी बांधण्याचे काम सुरू होणार होते. ल कॉर्ब्युझिए या प्रसिद्ध वास्तुशिल्पज्ञाने या शहराचा आराखडा तयार केला. सरळ रस्ते आणि चौकोनी विभाग असे हे शहर होते. १९५१ साली नेकचंद तिथे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक म्हणून नोकरीला लागले. रस्त्याचे काम नीट चालले आहे की नाही, हे पाहायचे, एवढेच त्यांचे काम होते.

नवे शहर उभारण्यासाठी तिथली अनेक जुनी खेडी पाडण्यात आली. घरे गेली आणि ढिगारे उरले. त्या ढिगाऱ्यांत फुटक्या कपबश्या होत्या, मडक्यांच्या खापऱ्या होत्या, कौले होती, बांगड्यांचे तुकडे होते. येणारे जाणारे त्यांकडे पाहतही नव्हते. पण ज्याने स्वतःचे गाव गमावले होते, त्याला त्या ढिगाऱ्यांत केवळ कचरा दिसला नाही. काल कोणीतरी त्या बशीतून चहा प्यायले होते. काल कोणाच्या तरी हातात ती बांगडी किणकिणली होती.

१९५८ च्या सुमारास नेकचंद या वस्तू गोळा करू लागले. नोकरीची वेळ संपली की ते सायकल काढत. नदीनाल्यांच्या पात्रात जाऊन चित्रविचित्र आकारांचे दगड शोधत. कोणता दगड त्यांना पक्ष्यासारखा वाटे, कोणता माणसासारखा. ते सारे सायकलवर लादून शहराच्या टोकाला, सुखना तलावाजवळच्या जंगलात नेत. तिथे झाडी तोडून त्यांनी थोडी जागा मोकळी केली होती आणि एक झोपडी बांधली होती. ही जमीन सरकारची होती. तिथे कोणतेही बांधकाम करायला बंदी होती. म्हणून सारे काम गुपचूप चाले. रात्री ते जुने टायर पेटवत आणि त्या उजेडात काम करत. घरच्या माणसांखेरीज फारच थोड्यांना याचा पत्ता होता. असे एक नाही, दोन नाही, सुमारे अठरा वर्षे चालले!

त्यांची मूर्ती करण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. ते प्रथम लोखंडी सळ्यांचा किंवा भंगारातल्या पाइपांचा सांगाडा करत. मोडक्या सायकलचे भागही त्यांना उपयोगी पडत. सायकलच्या चिमट्याचे दोन पाय होत. हँडलची शिंगे होत. या सांगाड्यावर ते सिमेंट आणि रेतीचा गिलावा चढवत. सर्वांत वरचा थर ओला असतानाच त्यात बांगड्यांचे तुकडे, लाद्यांच्या कपच्या किंवा चिनी मातीच्या ठिकऱ्या बसवत. इथे घाई करावी लागे, कारण सिमेंट एकदा सुकले की तुकडा धरत नाही. आणि धीरही लागे, कारण एकेका मूर्तीला शेकडो तुकडे लागत. निळ्या बांगड्यांचा झगा घातलेली बाई, पांढऱ्या ठिकऱ्यांचा पक्षी, डोक्यावर घडा घेतलेल्या पाणक्या, रांगेत उभे असलेले शिपाई, माकडे, हत्ती, असे करता करता त्या जंगलात मूर्तींचे एक गावच वसले.

शेवटी व्हायचे ते झाले. १९७० नंतरच्या काळात सरकारी माणसे जंगल साफ करत असताना त्यांना हे गाव सापडले. सगळे थक्क झाले. पण प्रश्न अवघड होता. जमीन सरकारची, बांधकाम विनापरवाना आणि ते करणारा सरकारचाच नोकर! कायद्याप्रमाणे हे सारे पाडून टाकायला हवे होते. नेकचंद यांची नोकरीही गेली असती. ही बातमी शहरात पसरली आणि लोक ती जागा पाहायला येऊ लागले. पाहून गेलेला माणूस दुसऱ्याला घेऊन येई. काही जाणत्या अधिकाऱ्यांनीही या कामाचे मोल ओळखले. मूर्ती पाडायच्या नाहीत, असे ठरले. १९७६ साली ही बाग 'रॉक गार्डन' या नावाने सर्वांसाठी खुली झाली. नेकचंद यांना रस्त्यांच्या कामातून मोकळे करून बागेच्या कामावर नेमले आणि त्यांच्या हाताखाली पन्नास मजूर दिले. शहरात ठिकठिकाणी फुटक्या वस्तू आणि चिंध्या जमा करण्याची केंद्रेही उघडली. काल ज्या कामासाठी शिक्षा झाली असती, त्याच कामासाठी आता पगार मिळू लागला.

त्यानंतर नेकचंद यांचे नाव दूरवर पोचले. १९८३ साली रॉक गार्डनचे चित्र असलेले टपाल तिकीट निघाले. १९८४ साली भारत सरकारने त्यांना 'पद्मश्री' देऊन गौरवले. मग इतरांनीही त्यांच्याकडून काम करून घेतले. अमेरिकेत वॉशिंग्टन येथील मुलांच्या संग्रहालयासाठी त्यांनी १९८६ साली अशीच एक बाग तयार केली. ते संग्रहालय पुढे त्या जागेतून गेले. पण मूर्ती वाया गेल्या नाहीत, दुसऱ्या संग्रहालयांनी त्या जपल्या. केरळमध्ये पालघाटजवळ मलमपुळा धरणापाशीही त्यांची एक बाग आहे. अमेरिकेतील शबॉयगन या गावच्या कलाकेंद्रात त्यांच्या मूर्तींचा मोठा संग्रह आहे. स्वित्झर्लंडमधील लोझान शहरात २००५ साली त्यांच्या कामाचे प्रदर्शन भरले. दुसऱ्याने सांगितलेल्या कामाला जागा, पैसा आणि मुदत ठरवून दिलेली असते. जंगलातल्या त्या पहिल्या कामाला मात्र यांतले काहीच नव्हते. ते काम त्यांना कोणी सांगितले नव्हते. 

पण बागेवरचे संकट संपले नव्हते. १९९० च्या सुमारास बागेच्या एका भागातून रस्ता काढण्याचे घाटत होते. एके दिवशी बुलडोझर बागेपाशी येऊन उभे राहिले. तेव्हा शहरातले शेकडो लोक धावून आले. त्यांनी हातात हात घालून साखळी केली आणि ते बुलडोझरच्या वाटेत उभे राहिले. बुलडोझर परत गेले. पुढे १९९६ साली नेकचंद परदेशी गेले असताना बागेतील काही मूर्तींची मोडतोड झाली. परत आल्यावर ते पुन्हा कामाला लागले. बागेच्या मदतीसाठी त्यांच्या चाहत्यांनी एक संस्थाही स्थापन केली.

आज ही बाग सुमारे चाळीस एकरांत पसरलेली आहे. तिच्यात धबधबे आहेत, अरुंद वाटा आहेत, मोठमोठे झोपाळे आहेत. काही दारे इतकी ठेंगणी आहेत की आत जाताना मोठ्या माणसालाही वाकावे लागते. जून २०१५ मध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी नेकचंद यांचे निधन झाले. ज्याचे स्वतःचे गाव सुटले होते, त्याने आपल्या मागे एक नवे गाव ठेवले.

मुलांनो, नेकचंद यांनी केवळ काच आणि लाद्याच वापरल्या नाहीत. चिंध्या घट्ट बांधून त्यांनी माणसाएवढ्या बाहुल्याही केल्या. आपल्या भिवंडीत यंत्रमाग रात्रंदिवस चालतात. मागाखाली पडलेल्या सुताच्या गुंड्या आणि कापडाच्या चिंध्या तुम्ही रोज पाहता. वऱ्हाळदेवी तलावाकडे जाताना रस्त्याच्या कडेला पडलेले लाद्यांचे तुकडेही पाहता. तुमच्यापैकी कितीतरी जणांचे वडील, चाचा किंवा भाऊ मागावर किंवा बांधकामावर राबत असतील. त्यांच्या हातांत हुन्नर आहे. 'टाकाऊतून टिकाऊ' ही म्हण आपण शाळेत नेहमी ऐकतो. पण नुसती म्हण पाठ करून टाकाऊ वस्तू टिकाऊ होत नाही. त्यासाठी सायकलवरून अठरा वर्षे दगड वाहणारा माणूस लागतो, आणि वेळ आली की बुलडोझरपुढे उभे राहणारे शेजारीही लागतात.

शब्दार्थ

अद्भुत – आश्चर्य वाटावे असे
वेलबुट्टी – वेली व फुले यांची नक्षी
उकिरडा – केरकचरा टाकण्याची जागा
फाळणी – वाटणी, विभागणी
आराखडा – कामाची आधी केलेली आखणी
खापरी – मातीच्या भांड्याचा तुकडा
ठिकरी – काचेचा किंवा चिनी मातीचा लहान तुकडा
सांगाडा – आतील हाडांसारखा आधार
गिलावा – भिंतीवर किंवा मूर्तीवर दिलेला सिमेंटचा लेप
पाणक्या – पाणी भरणाऱ्या स्त्रिया
घाटत असणे – बेत चालू असणे
हुन्नर – कला, कसब

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नेकचंद यांना लहानपणी गोष्टी कोण सांगत असे?
(आ) नेकचंद १९५१ साली कोणत्या कामावर रुजू झाले?
(इ) रॉक गार्डन सर्वांसाठी कोणत्या साली खुले झाले?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) नेकचंद रात्रीच्या वेळी गुपचूप काम करत, कारण...
(आ) मूर्तीवर तुकडे बसवताना घाई करावी लागे, कारण...
(इ) बुलडोझर परत गेले, कारण...

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) नेकचंद मूर्ती कशा तयार करत?
(आ) पाडलेल्या खेड्यांच्या ढिगाऱ्यांत नेकचंद यांना केवळ कचरा का दिसला नाही?

प्र. ४. पुढील शब्द मराठीप्रमाणे उर्दूतही आहेत. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
कारागीर, मजूर, जमीन, बाग, हुन्नर, कायदा

प्र. ५. वर्गात चर्चा करा.
बाग सुंदर होती, पण विनापरवाना होती. तुम्ही अधिकारी असता, तर काय निर्णय घेतला असता? का?

उपक्रम : घरी फुटलेल्या बांगड्या, लाद्यांच्या कपच्या किंवा चिंध्या मोठ्या माणसांच्या मदतीने जपून गोळा करा. पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवून एक पक्षी तयार करा. प्रत्येक तुकडा कोठून आणला, ते पुठ्ठ्याच्या मागे लिहा.