स्वस्त रोपे आणि शाळेची फळबाग
(इयत्ता ४ थी व ५ वी : परिसर अभ्यास आणि गणित यांस जोडून घ्यावयाचा पाठ)

मृगाचा पाऊस पडला की गावोगावच्या आठवडेबाजारांत रोपे विकणारांचे टेंपो व हातगाड्या दिसू लागतात. काळ्या पिशव्यांतील लहानमोठी रोपे मांडलेली असतात. हापूस, केशर, कालीपत्ती अशी नावे सांगितली जातात आणि भावही मोहात पाडणारा असतो. ह्याच सुमारास शाळांतून वृक्षारोपणाचे कार्यक्रम ठरतात. हाती रक्कम अल्प, वेळ थोडा आणि रोपे तर दारी आलेली, अशा स्थितीत शिक्षकाने वीस-पंचवीस स्वस्त रोपे घेऊन कार्यक्रम पार पाडला, तर त्यास दोष देता येणार नाही. परंतु पुढील जूनमध्ये त्याच खड्ड्यांत पुन्हा नवी रोपे लावण्याची पाळी आली, तर मात्र थांबून विचार करावयास हवा. कारण मुले हे सर्व पाहत असतात. झाड लावणे म्हणजे एक दिवसाचा समारंभ, हा धडा त्यांच्या मनावर कोणी न शिकविताच ठसतो. आणि तो पुसून टाकणे पुस्तकातील कोणत्याही पाठास शक्य होत नाही.

ह्यासाठी फळझाडाची खरेदी हाच एक पाठ करावा, अशी ह्या लेखात सूचना आहे.

१. स्वस्त कशास म्हणावे ?

प्रथम फळ्यावर एक उदाहरण मांडावे. आकडे उदाहरणापुरते आहेत. शिक्षकांनी आपल्या बाजारातील भाव घ्यावेत.

एका शाळेने २० रुपयांस एक याप्रमाणे २० रोपे घेतली. वर्षअखेरीस ४ जगली. दुसऱ्या शाळेने ८० रुपयांस एक याप्रमाणे ५ कलमे घेतली. त्यांपैकीही ४ जगली. प्रत्येक शाळेस जिवंत झाड केवढ्यास पडले ?

दोन्हीकडे खर्च ४०० रुपये आणि दोन्हीकडे उत्तर १०० रुपये. मुलांना ह्याचे आश्चर्य वाटते. मग दुसरा प्रश्न विचारावा : पहिल्या शाळेने किती खड्डे खणले व दुसरीने किती ? शेणखताची घमेली किती लागली ? पाण्याच्या खेपा किती झाल्या ? वीस खड्ड्यांचे श्रम चार झाडांवर वाटले म्हणजे स्वस्ताईचा हिशेब निराळाच दिसू लागतो. रोपाची किंमत पिशवीवर ठरत नाही. ते जगून फळास आल्यावर ठरते, हे विधान मुलांकडूनच निघावे.

२. बियांचे रोप व कलम

बाजारातील पुष्कळशी फसगत ह्या दोहोंतील भेद न कळल्यामुळे होते. आपल्याकडील आंब्याची कोय पेरली, तर उगवणारे झाड मातृवृक्षासारखेच निपजेल, असा भरवसा नसतो. हापूसच्या कोयीपासून हापूस मिळत नाही तो ह्याच कारणाने. जात टिकवावयाची तर त्या झाडाची काडी दुसऱ्या खुंटावर बांधून कलम करावे लागते.

ह्याचे एक चांगले उदाहरण पेरूचे आहे. सरदार अथवा लखनौ-४९ ह्या नावाने प्रसिद्ध असलेली जात १९२७ साली पुण्यास गणेशखिंड येथे बियांच्या रोपांतून निवडण्यात आली. म्हणजे बियांच्या रोपांत एखादे रत्न निघू शकते. परंतु एकदा निघालेले रत्न पुढे जपले जाते ते कलमानेच.

दुसरा भेद काळाचा आहे आणि शाळेच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा. आंब्याचे कलम साधारणतः पाचव्या वर्षी फळ देऊ लागते. कोयीच्या झाडास आठ-दहा वर्षे अथवा त्याहूनही अधिक लागतात. जांभूळ व चिंच यांच्या बियांच्या झाडांचीही तीच गोष्ट. पेरूचे कलम मात्र दोन-तीन वर्षांत फळते. चौथीत ज्या मुलाने पाणी घातले, त्याने सातवीतून जाण्यापूर्वी त्या झाडाचे फळ खावे, ही अपेक्षा अवास्तव नाही. म्हणून निदान दोन-तीन झाडे तरी लवकर फळणारी निवडावीत. चिंच-जांभूळ पुढच्या पिढ्यांसाठी अवश्य लावावीत.

३. कोणते रोप अल्प किमतीत घ्यावे ?

बियांचे प्रत्येक रोप टाकाऊ, असे समजणे चूक होय. पुढील झाडांची बियांची रोपे निःशंकपणे लावावीत. किंबहुना ती विकत न घेता शाळेतच करावीत.

कागदी लिंबू : ह्याच्या एका बीतून बहुधा एकाहून अधिक रोपे उगवतात व त्यांतील पुष्कळशी मातृवृक्षाच्याच गुणांची असतात. अगदी खुजी वा वेगळी दिसणारी रोपे काढून टाकावीत.

सीताफळ : बियांची झाडे तीन-चार वर्षांत फळतात. फळांत थोडा फरक पडतो. परंतु हलकी जमीन व कमी पाणी ह्यांवर तग धरणारे झाड शाळेस सोईचे आहे.

पपई : लावल्यापासून साधारण वर्षभरात फळ मिळते. अनेक जातींत नर व मादी झाडे निरनिराळी असतात. यास्तव एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावून फुले आल्यावर जादा नरझाडे काढावीत. पाणी साचणारी जागा मात्र हिला सोसत नाही.

ह्याउलट आंबा व चिकू ही कलमेच घ्यावीत, आणि पेरूचे दाब कलम अथवा गुटी घ्यावी. चिकूचे कलम खिरणीच्या खुंटावर केलेले असते.

४. रोपाची पारख

रोप घेण्यास जाताना शक्य तर चार-पाच मुलांना बरोबर न्यावे आणि पुढील गोष्टी त्यांनाच पाहावयास लावाव्यात.

(अ) सांधा : आंब्याच्या खोडावर जमिनीपासून थोड्या उंचीवर जोड स्पष्ट दिसला पाहिजे. जोडाच्या वरील व खालील सालीत थोडा फरक दिसतो. नुसती प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलेली आहे म्हणून ते कलम ठरत नाही. पट्टीखाली जोड आहे की नाही ते पाहावे. पेरूच्या गुटीस मात्र असा जोड नसतो, कारण तिची मुळे त्याच फांदीस फुटलेली असतात.

(आ) फूट : हिरवी पालवी जोडाच्या वरून आली आहे की खालून ? खालून आली असेल व वरची काडी सुकलेली असेल, तर कलम मेले असून केवळ खुंट जिवंत आहे, असे समजावे.

(इ) मुळे : खोड हलकेच हलवून पाहावे. मातीच्या गोळ्यात ते सैल हलत असेल, तर रोप नुकतेच उपटून पिशवीत भरलेले असण्याचा संभव असतो. पिशवीच्या तळाशी मुळांची वेटोळी झाली असतील, तर ते फार काळ पिशवीत राहिलेले आहे.

(ई) उंची व फळ : उंच, लवलवीत रोपापेक्षा बेताच्या उंचीचे, जाड खोडाचे रोप चांगले. पिशवीतील रोपावर लोंबणारे फळ पाहून भुलू नये. कोवळ्या झाडाची शक्ती त्या फळाकडेच जात असते.

(उ) विक्रेता : फळरोपवाटिका व फळरोपांची विक्री यांच्या नियमनासाठी महाराष्ट्रात १९६९ साली अधिनियम झाला. त्यान्वये फळरोपवाटिका चालविण्यास परवाना लागतो. म्हणून परवाना विचारावा व जातीच्या नावासह पावती घ्यावी. कृषी विभागाच्या रोपवाटिका, तसेच राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांच्या रोपवाटिका हे भरवशाचे स्थान होय. बाजारातील प्रत्येक विक्रेता लबाड असतो, असे मुलांच्या मनावर बिंबवू नये. प्रश्न नम्रतेने विचारावा, वस्तू डोळसपणे पाहावी, इतकेच शिकवावे.

५. आधी मे महिन्यातील पाणी मोजावे

चांगले कलम आणले म्हणजे काम संपले असे नाही. जूनमध्ये लावलेले रोप पावसाळ्यात सहसा तग धरते. त्याची खरी परीक्षा उन्हाळ्याच्या सुटीत होते, जेव्हा शाळेस कुलूप असते. म्हणून रोपांची संख्या जुलैतील शिलकेवरून न ठरविता मे महिन्यातील पाण्यावरून ठरवावी.

हेही गणित वर्गात करावे. एका रोपास आठवड्यातून दोन वेळा १० लिटर पाणी लागते असे धरले, तर सहा आठवड्यांच्या सुटीत १२० लिटर लागेल. सुटीत ६०० लिटर पाण्याची सोय होणार असेल, तर किती रोपे लावावीत ? उत्तर पाच येते. मग पाचच लावावीत. सहाव्या रोपाचा मोह टाळणे हे ह्या पाठातील सर्वांत अवघड उदाहरण आहे.

पाणी वाचविण्यासाठी बुंध्याजवळ मातीचे मडके पुरून, त्याच्या तळाच्या बारीक छिद्रात वात घालावी व तोंड झाकावे. आळ्यात पालापाचोळा पसरावा. शेळ्यांपासून रक्षणासाठी बाभळीच्या काट्यांचे कुंपण करावे. सुटीतील पाळ्या शाळेजवळ राहणाऱ्या मुलांत वाटून द्याव्यात आणि शाळा व्यवस्थापन समितीतील एका सदस्याकडे देखरेख सोपवावी.

६. लागवड

खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्यावेत; आंब्यास लांबी, रुंदी व खोली प्रत्येकी १ मीटर, पेरूस प्रत्येकी ६० सेंटिमीटर. वरची चांगली माती व कुजलेले शेणखत यांनी ते भरावेत. लावताना पिशवी कापून काढावी, परंतु मातीचा गोळा फुटू देऊ नये. कलमाचा जोड जमिनीच्या वर राहिला पाहिजे. जोड पक्का झाल्यावर प्लॅस्टिकची पट्टी सोडावी, नाहीतर ती खोडास काचते. जोडाखालून येणारी फूट वेळोवेळी खुडावी. आंब्यास पहिली तीन वर्षे आलेला मोहोर काढून टाकावा. मुलांना हे निष्ठुर वाटेल. त्यामागील कारण त्यांना समजावून सांगावे.

७. पैसा मुळीच नसेल तर

ज्या शाळेपाशी कलमासाठीही रक्कम नाही, तिने निराश होण्याचे कारण नाही. रायवळ आंब्याच्या ताज्या कोयी पावसाळ्याच्या आरंभी थेट खड्ड्यातच पेराव्यात. कोय फार दिवस ठेवली तर उगवत नाही. ह्या रोपाचे मूळ कधीच उपटले जात नसल्यामुळे ते सरळ खोल जाते व पुढे टंचाईत टिकते. रोप पुरेसे जोमदार झाले म्हणजे गावातील उत्तम आंब्याच्या झाडाची तीन-चार महिन्यांची काडी घेऊन, दमट हवेच्या दिवसांत, जागेवरच कलम बांधावे. काडीची पाने आठवडाभर आधी देठ ठेवून कापावीत. हे काम कलम बांधणाऱ्या जाणत्या माळ्याकडून अथवा शेतकऱ्याकडून मुलांसमक्ष करून घ्यावे. येथे रोपाचे मोल जवळजवळ शून्य आहे. खर्च होतो तो वेळेचा व काळजीचा. खऱ्या अर्थाने स्वस्त झाड ते हेच.

८. स्वाध्याय

(१) प्रत्येक झाडाची एक वही ठेवा. कोठून आणले, किंमत, जात, लावल्याची तारीख, दर महिन्याची उंची व पानांची स्थिती लिहा.
(२) बाजारात जाऊन तीन रोपे पाहा. कोणते घ्याल व कोणते घेणार नाही, ते कारणांसह सांगा.
(३) आजोबा-आजींना विचारून गावातील सर्वांत जुन्या फळझाडाची माहिती मिळवा. ते कोयीचे की कलमाचे ?
(४) रोप मेले तर वहीत ते कधी व कशाने मेले, हे प्रामाणिकपणे लिहा. ते पान फाडू नये.

ह्या शेवटच्या सूचनेकडे शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे. मेलेल्या रोपाची नोंद ही नामुष्की नसून पुढील वर्षाचे मार्गदर्शन आहे. एखाद्या शाळेने ह्या पावसाळ्यात दोनच झाडे लावली, पण ती पुढील जूनमध्ये हिरवी राहिली, तर तिचे काम पन्नास रोपे लावणाऱ्या शाळेच्या कामापेक्षा कमी समजू नये. मुलगा वर्ग बदलून पुढे जाईल, शिक्षकाची बदली होईल. झाडाची वही मात्र त्या त्या वर्गाच्या कपाटात राहावी आणि नव्या शिक्षकाने पहिल्याच आठवड्यात ती उघडून पाहावी.