पहिल्या पगाराची बेरीज

प्रमाणपत्राच्या नावावर पगार मागू नका. अकाउंटिंग टेक्निशियन होऊन नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींना हे सांगताना मला वाईट वाटते, कारण त्या कागदामागे त्यांची मेहनत असते आणि घरच्यांचा पैसाही. पण हिशेबाच्या कामात इतकी वर्षे राहून माझे मत पक्के झाले आहे की अपेक्षेचा पायाच चुकतो, म्हणून आकडाही चुकतो. इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्स ऑफ इंडियाचा कॅट हा अभ्यासक्रम बारावीनंतर करता येतो आणि तो पूर्ण केला की सीएमएच्या इंटरमीडिएटला थेट प्रवेश मिळतो. पुढे शिकणाऱ्याला त्याचा मोठा उपयोग आहे. नोकरीच्या बाजारातली गोष्ट वेगळी. टॅक्स ऑडिटच्या अहवालावर सही सीएची, कॉस्ट ऑडिटच्या अहवालावर सीएमएची. ते हक्क त्यांना कायद्याने आहेत. टेक्निशियनसाठी कायद्याने एकही काम राखून ठेवलेले नाही. व्हाउचर टाकायला, बँकेचा मेळ घालायला, मालकाच्या वतीने जीएसटीचे रिटर्न तयार करायला लायसन लागत नाही. त्यामुळे इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याच्या किंवा भोसरीच्या वर्कशॉपवाल्याच्या दृष्टीने तुम्ही आणि टॅलीचा क्लास केलेला बी.कॉम. एकाच रांगेत उभे असता. त्या रांगेतून पुढे यायचे तर कामच दाखवावे लागते.

त्याआधी आकड्याची फसगत. हिशेब शिकलेली माणसे स्वतःच्या पगाराचा हिशेब करत नाहीत, याचे मला फार वाटते. समजा ऑफर आहे महिना २०,००० सीटीसीची आणि त्यात बेसिक १२,०००. मालकाचा पीएफचा वाटा १२ टक्क्यांनी १,४४०, ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्क्यांनी ५७७ आणि ईएसआयचा मालकाचा वाटा ३.२५ टक्के, हे सगळे त्याच वीस हजारांत बसवलेले असते. किरकोळ आकार सोडून दिले तरी प्रत्यक्ष पगार उरतो १७,४१७. त्यातून तुमचा पीएफ १,४४०, तुमचा ईएसआय ०.७५ टक्क्यांनी १३१ आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० वजा केला की हातात पडतात १५,६४६. (महिलांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणून मुलीच्या हातात २०० रुपये जास्त येतील. फेब्रुवारीत पुरुषांचे २०० ऐवजी ३०० कापले जातात.) यातले सगळेच पैसे बुडाले असे नाही. पीएफ तुमचा आहे. मालकाच्या १,४४० पैकी साधारण १,००० पेन्शनकडे जातात आणि बाकीचे तुमच्या खात्यात. ईएसआयमुळे आजारपणात आधार मिळतो. ग्रॅच्युइटी मात्र कायम नोकरीत ५ वर्षे काढल्याशिवाय हाती लागत नाही, आणि पहिल्या नोकरीत ५ वर्षे थांबणारे मला फारसे दिसत नाहीत. उलट, २० पेक्षा कमी माणसांच्या ऑफिसला पीएफ सक्तीचा नाही. तिथे १६,००० सांगितले तर बहुधा जवळजवळ तितकेच हातात येतात. म्हणून वीस हजारांची ऑफर आणि सोळा हजारांची ऑफर शेजारी ठेवून पहिली मोठी म्हणणे ही कच्ची बेरीज झाली. नोकरी घेण्याआधी पगाराचा तक्ता कागदावर मागा. तो मागण्यात उद्धटपणा नाही. ज्याला हिशेबासाठी ठेवायचे त्याने हिशेब विचारलाच पाहिजे.

आता मूळ मुद्दा: हे काम कितीचे? माझ्या मते त्याची किंमत ठरते ती चुकल्यावर मालकाला बसणाऱ्या भुर्दंडावरून. एखाद्या कारखान्याने १० लाखांचा माल १८ टक्के जीएसटी देऊन घेतला, तर १,८०,००० रुपयांचे क्रेडिट त्याला मिळायला हवे. पण माल देणाऱ्याने ते बिल आपल्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवलेच नाही, तर ते खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बी या विवरणात येत नाही, आणि २बी मध्ये नाही ते क्रेडिट घेता येत नाही. दर महिन्याला खरेदीचे रजिस्टर २बी शी ताडून, न दिसणाऱ्या बिलांची यादी काढून, पार्टीला फोन करून पाठपुरावा करणारे कोणी नसेल, तर आर्थिक वर्ष संपल्यावर ३० नोव्हेंबरची मुदत येते (वार्षिक रिटर्न आधी भरले तर त्याहून लवकर) आणि ते क्रेडिट कायमचे जाते. महिना १६,००० म्हणजे वर्षाला १,९२,०००. एका बिलाची चूक टेक्निशियनच्या जवळजवळ वर्षभराच्या पगाराएवढी! टीडीएसचेही तसेच. जूनच्या १० तारखेला कापलेला ५०,००० चा टीडीएस ७ जुलैऐवजी ८ जुलैला भरला, तर एका दिवसाच्या उशिराला खात्याची प्रणाली दोन महिन्यांचे व्याज लावते, दीड टक्क्याने १,५०० रुपये. तिमाही टीडीएस रिटर्नला उशीर झाला तर रोज २०० वेगळे. हे नुकसान जो टाळतो त्याला भाव मिळतो. नुसती एंट्री मारणाऱ्याच्या हातून हे पैसे वाचत नाहीत, म्हणून त्याचा पगारही वाढत नाही, मग प्रमाणपत्र कोणतेही असो.

यावर मालक म्हणतात, "नवीन पोरांना २बी ताडणे जमत नाही, आम्हीच शिकवतो, मग पगार कशाचा?" पहिल्या काही महिन्यांपुरते हे खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. नव्या माणसाचे काम कोणीतरी तपासते, त्या तपासणाऱ्याचा वेळही खर्चच आहे. पण ही सबब वर्षानुवर्षे चालवली जाते, तेव्हा ती खोटी होते. शिकवतो म्हणणाऱ्याने काय शिकवणार आणि कधीपर्यंत, हे सांगितले पाहिजे. दोन वर्षे फक्त खरेदीची बिले टाकून घेणारा मालक काहीच शिकवत नाही. तो स्वस्तात टायपिंग करून घेतो.

दुसरा आक्षेप मुलांकडून येतो आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. घरी पैशांची गरज आहे, पुण्यात खोलीचे भाडे आहे, निवड करायला वेळ कुठे आहे? खरे आहे. ज्याला या महिन्यात पैसे हवेत त्याने मिळेल ती नोकरी घ्यावी, त्यात कमीपणा नाही. पण दोन गोष्टी तेव्हाही तपासता येतात. दुकाने व आस्थापनांसाठी राज्यात किमान वेतन ठरलेले असते, कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग आणि परिमंडळांनुसार. त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. ऑफिसात बसून काम करतो म्हणजे हे आपल्याला लागू नाही, अशी समजूत अनेकांची असते आणि ती चुकीची आहे. दुसरी गोष्ट तासांची. या कामाचा महिना सारखा नसतो: ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला ३बी. सीए फर्ममध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरचे ऑडिटचे दिवस वेगळेच. रात्री दहापर्यंत थांबायचे असेल तर पगाराला त्या तासांनी भागून पाहा. पुष्कळदा मोठा दिसणारा पगार तिथे लहान होतो.

सॉफ्टवेअरमुळे हे सगळे कामच जाईल, असेही म्हणतात. बँकेचे स्टेटमेंट आपोआप उतरते, ई-इन्व्हॉइस ५ कोटींच्या वरच्या उलाढालीला १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचे झाले, त्यामुळे टायपिंगची किंमत घसरते आहे हे मी नाकारत नाही. पण त्याच वर्षी १ एप्रिलपासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारक झाले. कोणी, कधी, कोणती एंट्री बदलली हे आता पुसता येत नाही, म्हणजे चुकीच्या एंट्रीचा माग थेट तुमच्या लॉगिनपर्यंत पोहोचतो. जबाबदारी अशी नावानिशी येत असेल तर पगारातही ती दिसली पाहिजे, आणि हे मुलाखतीत बोलायला हरकत नाही.

म्हणून मुलाखतीत आकडा सांगण्याआधी मी तरी हे विचारले असते: तुमच्याकडे २बी कोण ताडते? टीडीएसचे चलन कोण काढते? मला ते कधीपासून मिळेल? सहा महिन्यांनी तीन महिन्यांचा बँक मेळ आणि २बी चा ताळा मी एकट्याने, वरिष्ठांच्या दुरुस्तीशिवाय केला, तर पगार किती होईल? उत्तरातला आकडा आणि महिना नेमणूकपत्रात लिहून घ्या. ते लिहून देत नसतील तर त्याच संध्याकाळी झालेले बोलणे ई-मेलने त्यांना कळवा आणि तो ई-मेल जपून ठेवा.