अपघातात अपंगत्व आलं, तर गाडीच्या विम्यातून किती मिळेल?

थर्ड पार्टी विमा भरलाय, म्हणजे अपघातात आपलीही सोय झाली, असं अनेक गाडीमालक धरून चालतात. पण तो विमा समोरच्यासाठी असतो. तुमच्यासाठी त्याच पॉलिसीत वेगळी ओळ असते: मालक-चालकाचं वैयक्तिक अपघात संरक्षण. ती आजच शोधा.

स्वतः गाडी चालवताना

विमा रक्कम किमान 15 लाख रुपये. 2018 मध्ये त्याचा हप्ता वर्षाला 750 रुपये ठरला होता. आता तो कंपनीनुसार बदलतो. 15 लाखांच्या संरक्षणावर मिळतात:

- दोन हात-पाय, दोन्ही डोळे, किंवा एक हात वा पाय आणि एक डोळा गमावल्यास: 15 लाख
- एक हात वा पाय, किंवा एका डोळ्याची दृष्टी गेल्यास: 7.5 लाख
- इतर दुखापतीने कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास: 15 लाख

पाय मोडला, रॉड बसला, तीन महिने घरी बसावं लागलं, तर यातून काहीच मिळत नाही. गाडी तुमच्या नावावर आणि लायसन्स वैध हवं. शेजारी बसलेल्या घरच्यांना हे संरक्षण लागू नाही.

चूक दुसऱ्या चालकाची असेल तर

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जा. कायद्यात अर्जाची मुदत सहा महिने आहे. दोष सिद्ध न करताही गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. दोष दाखवता आला, तर भरपाई बुडालेल्या कमाईवर ठरते.

वय 32, महिना कमाई 20,000, कमाईची क्षमता 40 टक्के घटली, असं धरू. या वयाचा गुणक 16. म्हणजे 2,40,000 × 16 × 40 टक्के = 15,36,000 रुपये. भविष्यातली उत्पन्नवाढ, उपचारखर्च आणि वेदनांची भरपाई वेगळी.

इथे अपंगत्वाच्या दाखल्यावरचा टक्का शेवटचा नसतो. 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, अपंगत्वाने त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला, ते पाहायचं. पाय गमावलेल्या ट्रकचालकाचं नुकसान टेबलावर काम करणाऱ्या कारकुनापेक्षा कितीतरी मोठं असतं.

म्हणून एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, बिलं आणि कमाईचे पुरावे एका फायलीत ठेवा. सिव्हिल सर्जनचा दाखला घेताना आपलं काम नेमकं काय आहे, हे डॉक्टरांना सांगा आणि ते काम आता का जमत नाही, हे लिहून मागा.