बक्षीस लागलंय म्हणे

अगं, बक्षिसाचा निरोप आला की आधी स्वतःला विचारायचं, मी यात भाग कधी घेतला होता? कुपन भरलं नाही, तिकीट काढलं नाही, आणि पंचवीस लाख लागले? व्हॉट्सॲपवर तो ‘केबीसी’चा निरोप फिरतो बघ. बच्चनसाहेबांचा फोटो, खाली २५ लाखांचा आकडा, सोबत कुणीतरी गोड आवाजात भरलेलं अभिनंदन. म्हणे ‘ऑल इंडिया सिम कार्ड लकी ड्रॉ’. सिम कार्डांची सोडत काढून त्या कार्यक्रमात कुणाला लाखो रुपये देत नाहीत, तिथे प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. शिवाय नंबर बघावा. असे कितीतरी निरोप +९२ ने सुरू होणाऱ्या नंबरावरून आलेत, आणि तो पाकिस्तानचा कोड आहे.

सरकारी लॉटरीचंही तसंच. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे. टपरीवर कागदी तिकीट घेतलंस, तर विकणाऱ्याकडे तुझं नाव-गाव कुठे असतं? निकाल आपणच ताडून बघायचा आणि तिकीट घेऊन आपणच जायचं. मग ‘तुमचा नंबर लागलाय’ असा फोन करणार कोण? केरळची लॉटरी मोबाइलवर घ्या म्हणणाराही चोरच, ती कागदी तिकिटावरच चालते. आणि परदेशातल्या लॉटरीसाठी इथून पैसे पाठवायला परकीय चलनाच्या नियमांतच बंदी आहे.

याचा अर्थ स्पर्धांत भागच घेऊ नये असा नाही. मी स्वतः हौशी. ‘मला हा साबण आवडतो, कारण…’ हे वाक्य दहा शब्दांत पुरं करून रिकाम्या वेष्टनांसकट पोस्टात टाकायला मला अजूनही आवडतं. लोक विचारतात, हे घोषवाक्याचं लचांड कशाला? पैसे घेऊन नुसत्या नशिबावर लॉटरी चालवणं खासगी कंपनीला गुन्हा आहे, म्हणून जराशी अक्कल चालवायला लावतात. हे समजलं की पाकिटामागचा बारीक मजकूर वाचायची गोडी लागते. त्यात शेवटची तारीख असते, निकाल कधी आणि कुठे ते असतं, कंपनीच्या नोकरांना व त्यांच्या नातेवाइकांना भाग घेता येणार नाही हे असतं, आणि बऱ्याचदा ‘ही योजना तामिळनाडूत लागू नाही’ अशी एक ओळ असते. तिथे बक्षीस योजनांवर बंदी घालणारा १९७९ चा कायदा आहे. चोर असल्या कटकटीत पडत नाही. त्याच्या पत्रात उद्गारचिन्हं फार आणि अटी एकही नाही. हुशार चोर त्याही उतरवून काढेल म्हणा, म्हणून एवढ्यावर विसंबू नकोस. पण अटीच नसतील तर पुढे वाचूच नये. निकाल दडवणं हाही आपल्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यवहार धरलाय, म्हणून विजेत्यांची यादी हक्काने मागावी.

आता कराचं नीट ऐक, इथे शहाणी माणसंही गोंधळतात. ‘पैसे मागितले म्हणजे फसवणूक’ हे रोख बक्षिसाला पक्कं लागू. दहा हजारांवरच्या बक्षिसातून देणारा ३० टक्के कर आधीच कापून घेतो आणि उरलेले देतो, बक्षीस हातात पडायला तुला वेगळे भरावे लागत नाहीत. पण गाडी किंवा सोनं लागलं तर? गाडीतून कर कसा कापणार? अशा वेळी कर भरल्याची खात्री करूनच वस्तू द्यायची, असा नियम आहे. काही कंपन्या तो स्वतः सोसतात, काही विजेत्याकडून घेतात. तेव्हा कर मागितला की लगेच ‘चोर, चोर’ करू नकोस. म्हणायचं, ‘माझ्या पॅनवर चलन मीच भरते, पावती आणून देते.’ खरी माणसं तयार होतील, निदान कंपनीच्या नावाने लेखी तरी देतील. कुण्या मॅनेजरच्या यूपीआयवर, तासाभरात, ‘जीएसटी’, ‘फाइल चार्ज’ नाहीतर ‘रिझर्व्ह बँकेचं एनओसी’ म्हणून मागितले, तर फोन ठेवायचा. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेव.

खात्री करायची तर पत्रावरचा नंबर लावायचा नाही. इंटरनेटवर शोधून मिळालेलाही नाही, तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात. घरातल्या साबणाच्या वेष्टनावर ग्राहक सेवेचा नंबर असतो, तो लावायचा.

तालुक्याच्या गावी आणखी एक प्रकार चालतो. दरमहा हप्ता भरा, दरमहा सोडत, ज्याची मोटारसायकल निघाली त्याचे पुढचे हप्ते माफ. चालवणारा ओळखीचा असतो, पहिल्या दोघा-तिघांच्या गाड्या खरंच निघतात, म्हणून लोक भुलतात. बक्षीस चिट म्हणतात याला, आणि १९७८ पासून त्यावर बंदी आहे. पावती छापील असली म्हणून धंदा कायदेशीर होत नाही. शेजारच्या वहिनी वाईट वाटून घेतील म्हणून नाव घालू नकोस, मला बोलव, मी सांगते त्यांना.

आणि गेलेच कुणाचे पैसे, तर रडत बसायच्या आधी १९३० ला फोन लावायचा. पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत कळवलं तर अडकवता येतात. मग चार-आठ दिवसांनी ‘सायबरमधून बोलतोय, तुमचे पैसे मिळालेत, फक्त सोडवायची फी भरा’ असा फोन येईल. फसलेल्यांची यादी त्याच टोळीकडे असते. तोही उचलून ठेवून द्यायचा.