अस्थींमधील कर्करोगप्रसार आणि विकरे

स्तनांचा कर्करोग अस्थींमध्येच वारंवार का पसरतो? १८८९ मध्ये इंग्रज शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी बीज आणि जमीन यांच्या उपमेने या प्रश्नाची मांडणी केली. कर्कपेशी स्वतः हाड क्वचितच पोखरतात. ते काम त्या ऑस्टिओक्लास्ट या अस्थिभंजक पेशींकडून करवून घेतात. या पेशींनी स्रवलेल्या आम्लात खनिज विरघळते आणि उघड्या पडलेल्या कोलॅजेनचे विघटन कॅथेप्सिन-के हे विकर करते. त्यामुळे हाडात साठलेले वृद्धिघटक मुक्त होतात, त्यांवर गाठ पोसते आणि अस्थिभंजक पेशींना अधिकच चेतवते. हे दुष्टचक्र परीक्षार्थींनी नीट ध्यानात घ्यावे.

कॅथेप्सिन-के थेट रोखणाऱ्या ओडानाकॅटिब या औषधाचा विकास पक्षाघाताच्या वाढीव धोक्यामुळे २०१६ मध्ये थांबला. प्रचलित झोलेड्रॉनिक आम्ल अस्थिभंजक पेशींमधील वेगळेच विकर रोखते. ते दर ४ ऐवजी १२ आठवड्यांनी दिले तरी दोन वर्षांत अस्थिभंगादी गुंतागुंती वाढत नाहीत, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत आढळले. खेड्यातून शहरातील रुग्णालयात येणाऱ्या मजूर कुटुंबाच्या दृष्टीने याचा अर्थ वर्षाला १३ ऐवजी चार-पाचच फेऱ्या, आणि तेवढेच बुडणारे रोज.