वीज गेल्यावर टाकीतील मासे

शोभेचे मासे पाळणाऱ्या शेतकरी बंधूंनी ध्यानात ठेवावे, की वीज जाताच हवेचा पंप थांबतो आणि दाट भरलेल्या टाकीतील प्राणवायू घटू लागतो. उन्हाळ्यात धोका अधिक. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करीपर्यंत थांबू नये. तांब्याने टाकीतीलच पाणी वीतभर उंचीवरून पुन्हा पुन्हा ओतावे. हात दुखतील, पण मासे वाचतील. खाद्य मुळीच घालू नये. एका दिवसाच्या उपासाने मासा मरत नाही, कुजलेल्या खाद्याने मरतो. वीज काही तासांनी आल्यास गाळणी तशीच सुरू करू नये. तिच्यात साचलेले दूषित पाणी ओतून टाकावे व स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात खळबळावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने त्यातील उपयुक्त जीवाणू मरतात.